पालखीचा पुढचा खांदा

“कुनीतरी खांदा द्या रे, मला जायचंय,” विलास ओरडत होता. शिमग्याचं भर दुपारचं ऊन, ढोलाचा दणका असा की समोरच्या डोंगरावरची माकडं कान झाकून बसली असतील, तरी माझ्या भाच्याची ती हाक अख्ख्या वाडीला ऐकू गेली. वाघजाईच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर होता, मागचा माझ्या. नाक्यावर एक जीप उभी होती आणि तिचा हॉर्न काही थांबत नव्हता. पन्नास माणसं आजूबाजूला नाचत होती, पण एकानंही खांदा दिला नाही. देऊ नका, असं मीच घरोघर सांगून ठेवलं होतं.

आधीच कबूल करतो, मला वाढवून सांगायची खोड आहे. पोलादपूरच्या माझ्या दुकानातून लोक मिठापेक्षा थापा जास्त नेतात. पण आमच्या वाघजाई आईच्या बाबतीत मी थाप मारत नाही. मारलीच तर लहानशी.

विलास माझ्या बहिणीचा, शांताचा मुलगा, बावीस वर्षांचा. मुंबईत दंगल झाली तेव्हा तो तिथेच कामाला होता, आणि त्याच्या खोलीतला दोस्त त्याच्या डोळ्यांदेखत गेला. गावी आला तो मुका होऊन. पुढे बोलायला लागला, तेव्हा वाटलं, मुका होता तेच बरं होतं. तीन परकी माणसं जीपनं यायची, त्याला भाषणांच्या कॅसेट द्यायची, आणि हा दिवसभर त्या ऐकत पडायचा. जेवायचा तोही एकटा, भिंतीकडे तोंड करून. शिमग्याच्या आधी शांता धावत दुकानात आली. “दादा, पोरगा हातचा चालला. हसनभायची वखार जालायची बोलतात, पालखीच्या दिवशी.”

हसनभाई आमच्या वाडीच्या तोंडाशी राहायचे. महाडात त्यांची लाकडांची वखार, आणि वखारीतच दोन कामगारांची बायकापोरं राहायची. आईचा पहिला नारळ हसनभाईंच्या अंगणात घ्यायचा ही आमची पिढ्यांची रीत, त्यामुळे त्या दिवशी ते वखारीवर नसणार हे साऱ्या मुलखाला ठाऊक. वखारीची मागची वाट मात्र एकट्या विलासलाच ठाऊक होती. मुंबईला जाण्याआधी त्यानं तिथंच फळ्या रचल्या होत्या. तो जीपमध्ये बसला की काम फत्ते.

मी, पोलीस पाटील, शाळेतल्या बाई आणि गुरव असे चौघं शाळेत बसलो. पाटील म्हणाले, “जीपवाल्यांचं मी बघतो. पण पोरगा ठाण्यात दिला तर दगड होऊन येईल.” बाई म्हणाल्या, “त्याला दुसरं कुणी कामच सांगत नाही. ती माणसं तेवढी सांगतात.” मग गुरव म्हणाले, “यंदा पुढचा खांदा त्याला द्या.” ही युक्ती माझीच, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलंय. ती गुरवांची होती.

आमच्याकडे पुढच्या खांदेकऱ्याला आठ दिवस देवळात झोपावं लागतं, रोज वेगळ्या घरी जेवावं लागतं आणि वाईट शब्द तोंडातून काढता येत नाही. शांतानं रडून त्याला कबूल करवलं. पहिल्या दिवशी तो ताटावर अशा तोंडानं बसला की आमटी नासेल. सहाव्या दिवशी त्यानं ढोलवाल्याचा ठेका चुकला म्हणून त्याला झापलं, तेव्हा मला वाटलं, पोरगा पालखीत मन घालायला लागला. पण कॅसेटवाल्यांना दिलेला शब्द त्यानं सोडला नव्हता. म्हणून आम्ही रीतीचाच आधार घेतला: बदली खांदा मिळाल्याशिवाय चालती पालखी सोडता येत नाही. कुणी खांदा द्यायचाच नाही, बस. एवढं सगळ्यांना सांगितलं, फक्त हसनभाईंना नाही. तुमची वखार जाळायला निघालेत, आणि त्यात आमचा पोरगा आहे, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि नेमके तेच पुढे आले. अंगणात नारळ घेऊन उभे होते. विलासची हाक ऐकली, नारळ शांताच्या हातात दिला आणि थेट दांड्याखाली खांदा घातला. “जा रे पोरा, काम असंल तं जा. मी धरतो.”

आठ दिवसांची आखणी एका म्हाताऱ्याच्या चांगुलपणानं मोडली. विलास सुटला, जीपकडे निघाला. मागचा दांडा माझ्या खांद्यावर, त्यात माझं पोट मोठं, पालखीच्या आधी तेच पुढे पोचतं, त्याच्या मागे धावणं कुठलं जमायला? मी डोळे मिटले आणि म्हणालो, “आई, माझी अक्कल संपली. आता तुझं तू बघ.” त्या क्षणी पालखी घाटाएवढी जड झाली. अगदी घाटाएवढी, शपथ. मग फुलासारखी हलकी झाली. डोळे उघडले तर पुढच्या दांड्याखाली विलासची मान, आणि बाजूला हसनभाई एका हातानं दांडा धरून, धापा टाकत पावलं टाकतायत. नाक्यावर पाटील वहीत जीपचा नंबर लिहून घेत होते. जीप थोडा वेळ घुरघुरली आणि घाटाच्या दिशेनं निघून गेली. पुन्हा ती आमच्याकडे दिसली नाही.

दोन दिवसांनी आम्ही चौघं हसनभाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विलासला वखारीवर कामाला पाठवायला सांगितलं. आजही पालखी अंगणात आली की माझे डोळे भरतात. आम्ही केलं ते करायलाच हवं होतं, त्यात मला शंका नाही. पण जिथं आमची हुशारी संपली, ज्याला शरमेनं आम्ही काही सांगितलं नाही, त्याच्याच हातून आईनं पोरगा परत दिला. तेव्हापासून मी माझ्या युक्त्या तिच्या पायाशी ठेवतो आणि पुढचं तिच्यावर सोडतो.

त्या शिमग्याच्याच संध्याकाळी पालखी देवळात गेल्यावर मी विलासला बाजूला घेतलं. “खरं सांग, आईनं तुला काही सांगितलं का रे? काही दिसलं?”

त्यानं खांद्यावरचा वळ चोळला.

“हसनचाचांना चाल जमत नव्हती,” तो म्हणाला. “पालखी तिरकी होत होती.”