धोंड्याच्या महिन्यातलं रॉकेट

माझ्यामुळे कामरगावच्या माझ्या सासुरवाडीला एक दिवस चहा झाला नाही, गॅसबत्ती पेटली नाही आणि सायकल जागची हलली नाही. मी फक्त एक रॉकेट दुरुस्त करत होतो.

रशियाने आभाळात स्पुटनिक सोडला, त्याच्या पुढच्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली जुनी रीत. त्यातून आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा! मी तेव्हा मंगरूळपीरला शाळेत सायन्स शिकवत होतो. (म्हणजे फळ्यावर पंपाची आकृती काढत होतो. खरा पंप शाळेत नव्हता.) पण कुसुमने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माहेरी माझी अशी काही कीर्ती करून ठेवली होती की मोडकी वस्तू मी नुसती पाहिली तरी ती चालायला लागते!

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणत असे, शेतकरी माणूस. पण पेपरचा भारी नाद. स्पुटनिकची बातमी वाचल्यापासून त्यांचं लक्ष कपाशीवरून उडालं ते थेट आभाळात. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी मुंबईहून खेळण्यातलं रॉकेट मागवलं. वीतभर लांब, लालभडक. पोटात अर्धं पाणी भरायचं, बुडाला छोटा पंप लावून हवा कोंबायची आणि खटका ओढायचा. पहिल्या दिवशी ते लिंबाच्या शेंड्यावरून गेलं आणि पारावरची मंडळी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ते दगडी ओट्यावर आपटलं. शेपटीचा एक पंख तुटला, नाक चेपलं, पाणी अडवणारी रबरी चकती हरवली, आणि पुढे पडून राहून पंपातलं चामड्याचं वायसर वाळून पापड झालं. तेव्हापासून पारावरून जाता-येता एकच प्रश्न, "काय मालक, तुमचा रशिया कवा उडते?" मामाजी हसून पुढे जात, पण त्यांच्या जिवाला ते फार लागलं होतं.

मी जेवत असताना त्यांनी धोतराच्या घडीतून ते रॉकेट काढून माझ्यासमोर ठेवलं.

"जवाईबापू, पाहा बरं. जमन का?"

तोवर तीन धोंडे माझ्या पोटात गेले होते. पोट भरलं की माणसाला अशक्य काही वाटत नाही.

"त्यात काय मामाजी! पार्ट मिळाले की झालं."

"मंग समद्याईले पाच वाजता बलावतो!" असं म्हणून ते चपला घालून गेलेसुद्धा!

झालं. मामाजींची गावातली अब्रू आणि कुसुमची माहेरातली बढाई, दोन्ही माझ्या गळ्यात. घड्याळात बारा.

मी आधी इमामभाईंच्या सायकल दुकानात गेलो. त्यांनी रॉकेट उलटंपालटं करून पाहिलं, हुंगलंसुद्धा.

"मास्तर, वायसर सायकल का है मेरे पास. ये तो चाँद पे जानेवाली चीज है!"

तरी त्यांनी डबा ओतला. एक वायसर पंपात टाकलं तर आरपार खाली पडलं, दुसरं तोंडातच अडकलं. बाकीच्या दुकानांत रॉकेटचे पार्ट मागितल्यावर एकाने मला बैलाच्या घंटा दाखवल्या. मी हात हलवत परत आलो.

ओसरीवर मामाजी वाटच पाहत होते.

"जवाईबापू, म्या काय म्हन्तो..."

"मामाजी," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "शास्त्रात अंदाज चालत नाही. आधी मापं घ्यावी लागतात."

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! नारायणाचं बोलणं कोण तोडणार?

मी पंपाचं माप घेतलं आणि स्वतःशीच पुटपुटलो, "स्टोव्हचं वायसर बसेल बहुतेक."

पाच मिनिटांत सासूबाई बाहेर आल्या. हातात पितळी ताट, ताटात सुपारी, आणि सुपारीशेजारी स्टोव्हचं वायसर. त्याला हळदकुंकू लावलेलं! इतक्या मानाने दिलेली वस्तू परत कशी करायची? मी ते अडकित्त्याने कातरून बसवायला गेलो, आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"गॅसबत्तीच्या पंपाचं चाललं असतं," मी म्हणालो. तेही ताटातून आलं. तेही फाटलं.

आता खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण मागितलेली वस्तू हळदकुंकू लावून समोर येते, हा अनुभव मास्तराच्या नशिबी कुठे असतो? मला चटकच लागली! चेपलेल्या नाकावर बसवायला रॉकेल ओतायचं नरसाळं मागितलं, आलं. पंखासाठी पत्रा हवा म्हटलं, तर अनारशांच्या डब्याचं झाकण आलं. वायसर कातरायला सायकलच्या चाकातली ट्यूब आली. रबरी चकतीसाठी रबर जाड हवं म्हणालो, तेव्हा मामाजी आत गेले आणि आपली गुडघे शेकायची पिशवी घेऊन आले.

"कापा, जवाईबापू. गुडघे काय, रोजचेच हायत."

"अहो, पण मामाजी..."

"कापा नं! रशिया उडाला पाह्यजे."

ती पिशवी मी कापली. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

चारच्या सुमारास कुसुमने मला माजघराच्या दाराशी बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं की राग, कळेना.

"पाच वाजता पंधरा मानसं येऊन राह्यली. चहा कायवर करू? चुलीवर पुरन हाय, स्टोव तुमी खोलला. अनारशाले मुंग्या लागल्या. तुमी राकेट दुरुस्त करून राह्यले का माहं माहेर मोडून राह्यले?"

"होऊन राह्यलं नं, दम धर जरासाक," मी म्हणालो. (घाबरलो की माझं शाळेतलं मराठी पळून जातं.)

पाच वाजता सगळा पार अंगणात हजर. मधोमध रॉकेट. आता त्याला नरसाळ्याचं नाक होतं, डब्याच्या झाकणाचा पंख होता, आणि वजन चांगलं तांब्याएवढं झालं होतं. मी पाणी भरलं, पंप मारला आणि मोठ्याने "तीन, दोन, एक" म्हणून खटका ओढला.

रॉकेट हललं नाही. नरसाळं तेवढं टणकन उडालं आणि गोठ्याच्या कौलांवर गेलं. उरलेलं सगळं पाणी पिचकारीसारखं सुटलं ते नेमकं मामाजींच्या तोंडावर! पार हसता हसता खाली बसला. कुसुम आत निघून गेली. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं; पण काळी माती पावसाळ्यात दुभंगत नाही.

मामाजींनी उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "जवाईबापू, राग नका येऊ देऊ. एक पुडी हाय. राकेटच्या खोक्यातच आली होती. मले काही ते बसवता आलं नाही."

पुडीत वायसर होतं. चकती होती. पंख होता, लाल. नाकसुद्धा होतं!

"मामाजी! हे दुपारीच का नाही सांगितलं?"

"सांगत होतो जी. पन तुमी मापं घेऊन राह्यले होते. अन् या महिन्यात जवायाच्या मधात बोलू नये म्हन्ते ते," त्यांनी माजघराकडे बोट दाखवलं. दारात सासूबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

दहा मिनिटांत सगळं बसलं. पंप मी मारला, खटका मामाजींनी ओढला. सूं करून रॉकेट लिंबावरून गेलं, आणि मामाजी ओल्या धोतरानिशी टाळ्या वाजवत त्याच्यामागे धावले. मग ते पाराकडे वळले आणि छाती काढून म्हणाले, "पाह्यलं? आमच्या जवाईबापूचं काम हाय!"

पुडीचा उल्लेख त्यांनी कधीही, कुणाजवळही केला नाही. मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्वतः भिजून दुसऱ्याची लाज झाकणारा असा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्या संध्याकाळी आम्ही समईच्या उजेडात जेवलो, मुंग्या झटकून अनारसे खाल्ले, आणि मी एवढा सुखी क्वचितच झालो असेन.

तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला. मी नवं धोतर काढून आमंत्रणाची वाट पाहत होतो, तर एका सकाळी मामाजी आणि सासूबाई वाणाचं ताट घेऊन मोटारीने थेट मंगरूळपीरला आमच्या दारात!

"तुमाले कायले तरास, जवाईबापू? आमीच आलो."

जावयासाठी एवढा प्रवास! मी ते ताट कपाळाला लावलं. ते परत गेल्यावर मी कुसुमला म्हणालो, "पाहिलंस, तुझ्या माहेरी मला केवढा मान आहे!"

"मान कायचा?" ताट उचलत कुसुम म्हणाली. "घर वाचवलं त्याईनं!"