फोटो माझा, तोंड कुणाचं?

कोल्हापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. काम मुख्यतः एकच, अख्खं घर एका फोटोत बसवायचं. आजी-आजोबा खुर्चीत, मागे मुलगे-सुना, पुढे चिल्लीपिल्ली आणि ऐनवेळी भोकाड पसरणारं एक बाळ. आमच्याकडची माणसं एरवी गल्ली दणाणून सोडतील, पण कॅमेऱ्यासमोर आली की खांबासारखी ताठ होतात. त्यांना सैल करायला मी आधी त्यांच्याशी थोडं भांडून घेते. वडील म्हणतात, हिला फोटोपेक्षा भांडण बरं जमतं. खोटं नाही ते.

एका सकाळी गारगोटीकडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्या घराचा फोटो मीच काढला होता. त्या घरातल्या आजोबांचा मुलगा नुसता ओरडत होता, "आमच्या म्हाताऱ्याला जित्तं असताना मारलासा की ओ तुमी!"

उलगडा व्हायला वेळ लागला. शहरातल्या एका फ्लेक्सवाल्यानं दुकानाबाहेर नमुन्याचा बोर्ड लावला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली समई आणि मधोमध हार घातलेला त्या आजोबांचा चेहरा. माझ्याच फोटोतून कापलेला, आमच्या स्टुडिओच्या फेसबुकवरून उचललेला. आजोबांची थोरली बहीण कुरुंदवाडला दिलेली. तिच्या सासरच्या कुणीतरी तो बोर्ड पाहिला आणि घरी कळवलं. बाई मिळेल त्या एसटीनं निघाल्या. गावच्या वेशीपासूनच हंबरडा फोडत भावाच्या दारात पोचल्या, तर भाऊ गोठ्यात म्हशीची धार काढत बसलेला. त्याला बघून त्या जागेवरच चक्कर येऊन पडल्या.

मी तडक फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मोबाइलवर टाकलासा म्हंजे समद्यांचंच झालं की." तो बोर्ड मी स्वतःच्या हातानं उतरवला आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या भागातल्या गावांत बोलणं सुरू झालं की त्या स्टुडिओत फोटो काढू नका, तिथं जित्त्या माणसाला हार घालतात. दोन घरांनी ठरलेले फोटो रद्द केले. वडिलांनी आयुष्यभर जपलेलं नाव माझ्या हातून जातंय असं मला दिसू लागलं. माझी झोप उडाली.

वकिलांकडे जाऊन मी टेबलावर हात आपटला. "माझा फोटो चोरलाय, मी त्याला सोडणार नाही," असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोटो काढून द्या असं कुणी सांगितलं? पैसे कुणी दिले?" मी म्हटलं, आजोबांनी. "मग वेगळा करार नसेल तर फोटोवरचा हक्क त्यांचा. तक्रारीवर त्यांची सही आणा."

इतकी वर्षं धंदा करून मला हे ठाऊक नव्हतं. तरी सही म्हणजे काय अवघड, असं मनाशी म्हणत मी गावी गेले.

आजोबा सोप्यात बसले होते. बहीण अजून परत गेलेली नव्हती, आत भाकऱ्या थापत होती. चहा आला. मी फ्लेक्सवाल्याचा पार उद्धार केला आणि तक्रारीचा कागद सहीसाठी पुढं केला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोटो कुनाचा म्हनालीस?"

"माझा. म्हणजे मी काढलेला."

"आन त्वांड कुनाचं?"

"तुमचं."

"मग मोबाइलवर टाकताना मला इचारलंतंस व्हय?"

घरदारासकट त्यांचा चेहरा मी जगासमोर ठेवला होता, चांगला आला म्हणून, स्टुडिओची जाहिरात होते म्हणून. विचारायचं असतं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

"त्यो चोर हायच की," आजोबा म्हणाले, "पर दार तूच उघडं टाकलंतंस."

मी कागद परत पिशवीत घातला. "चुकलं माझं आजोबा. सही राहू द्या."

"थांब की. लई तालेवार हायस." आतल्या बाजूला मान वळवून ते हळू आवाजात बोलू लागले. "ही आक्का. बाच्या रानात हिचाबी वाटा हुता. समदी भावं करत्यात तसं म्याबी हक्कसोड करून घितली. कागुद फुडं सरकावला आन म्हनलं, कर सही. तुझा वाटा जातोय, चालंल का, एवढं इचारलं न्हाय. तिनं केली. पर त्या दिसापास्नं ह्यो उंबरा चढली न्हाय. आता आली ती म्या मेलो म्हनून आली." त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. "तुला काय बोलू मी?"

मग त्यांनी हाक मारली, "आक्का, भाईर ये. ही पोरगी कागुद घिऊन आलीया. तू वाच आदी. तू म्हनशील तर करतो सही."

आक्का पिठाचे हात पुसत आल्या. चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत, त्यांनी सगळा कागद वाचला. आजोबा लहान मुलासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "कर."

त्या सहीच्या जोरावर फ्लेक्सवाल्यानं लेखी माफी मागितली. पण आमचं नाव वाचलं ते कागदानं नाही. आजोबा बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरीनं घरी यून चूक कबूल केली. फोटो काढायचा तर तितंच काढा." फोटो रद्द केलेली दोन्ही घरं परत आली. हे उपकार मी कसे फेडणार आहे, मला माहीत नाही. आता फोटो काढण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, आणि घरचा कर्ता सगळ्यांच्या वतीनं हो म्हणाला तरी मागच्या रांगेतल्या सुनांना वेगळं विचारते.

दिवाळी झाल्यावर ते दोघं स्टुडिओत आले. फक्त भाऊ-बहिणीचा फोटो हवा होता. मी सगळ्या युक्त्या करून पाहिल्या, भांडूनही पाहिलं, पण आक्का काही सैल होईनात. मिळाला तो फोटो घेतला. तोही चांगला होता. मग आक्कांसमोर बसून मी विचारलं, "हा फोटो मी लोकांना दाखवला तर चालेल?"

आजोबा घाईनं "व्हय की" म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आक्कांनी सावकाश विचार केला. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो आमचा हाय."

आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा जो उजळला, तो मला तासभर कॅमेऱ्यात सापडला नव्हता. कॅमेरा हातातच होता. मी तो खाली ठेवला.