नेसबीचा डावा बूट

सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या इंग्लंडच्या पार्लमेंटच्या फौजेत खोटंखोटं जायलासुद्धा आयर्लंडमध्ये कोणी राजी होत नाही. त्या फौजेतल्या घोडदळाच्या सरदारानं पुढं इथं येऊन कत्तली केल्या, आणि आजही त्याचं नाव काढलं की आमच्या शेजारच्या आजोबांना चहा कडू लागतो. त्यामुळे हौशी मंडळींनी वॉटरफोर्डबाहेरच्या कुरणात नेसबीची लढाई नाटकासारखी उभी करायची ठरवली, तेव्हा राजासाठी मरायला रांग लागली. पार्लमेंटचे लाल कोट उरले ते पोलिश, ब्राझिलियन आणि माझ्या नवऱ्यासाठी.

नवरा खूश होता. इंग्लंडच्या यादवीचा निकाल लावणारी लढाई आणि आपली बाजू जिंकणारी, अजून काय पाहिजे? "मी मात्र पहिल्याच फैरीत मरणार," असं तो चारचौघांत सांगत सुटला. असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं मी त्याला कितीदा तरी बजावलं. उन्हाळ्याआधी तो खरंच जाता जाता वाचला होता. त्याच्या हृदयात स्टेंट बसवली आहे. मी स्टेंटच्याच कारखान्यात तपासणीचं काम करते, म्हणून मैत्रिणी मला नशीबवान समजतात. कुठं काय बिघडू शकतं हे जिला पाठ आहे, तिला झोप कशी लागणार?

डॉक्टरांची परवानगी होती. तरी मी अट घातली, पडलास की डावा बूट हलवायचा. शेवटचा ढोल वाजेपर्यंत मेलेल्यानं उठायचं नाही असा त्यांचा नियम होता, पण बूट हलवायला कुणाची ना नव्हती.

हे आजारपण सासूबाईंपासून लपवायचं होतं. त्या महिन्यापूर्वी तासगावहून आल्या होत्या. आई हाय खाईल म्हणून नवऱ्यानं मला शपथ घातली होती. गोळ्या मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, इथले लोक त्याला प्रेस म्हणतात, डाळीच्या डब्यामागं ठेवल्या होत्या.

लढाईच्या दिवशी सासूबाई दोरीच्या अलीकडे खुर्चीत बसल्या, मांडीवर भडंगाचा डबा. ढोल वाजले, दोन्ही फौजा पुढं सरकल्या, आणि बार उडण्याआधीच माझा नवरा खाली पडला.

मग फैर झाली. धुरात काही दिसेना. धूर विरला तेव्हा त्याच्या आजूबाजूला आणखी माणसं पडली होती. डावा बूट दिसत होता आणि तो हलत नव्हता. मी मनात म्हटलं, विसरला असेल. पण तो असल्या गोष्टी विसरत नाही. धावत गेले तर सासूबाईंना सगळं कळणार, त्यांनाच काही झालं तर? आणि नाही गेले तर? मी तोंडावर हसू ठेवून बसले. इतकी घाबरलेली मी हॉस्पिटलातही नव्हते.

माझ्या मनगटावर एक गार हात आला. सासूबाई कुरणाकडेच बघत होत्या.

"बूट हलला न्हाई त्याचा," त्या म्हणाल्या. "तुमचं ठरत हुतं तवा ऐकलंय मी. डाळीमागच्या गोळ्या बी बघितल्यात. तुझे सासरे त्याच घेत हुते. जा."

मी दोरीखालून घुसले आणि ओरडत धावले. लोकांना वाटलं, विधवेचं काम आहे. टाळ्या पडल्या. जवळ गेले तर एक धिप्पाड ब्राझिलियन त्याच्या पायावर मरून पडला होता. नवऱ्यानं एक डोळा उघडला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, भाल्याला अडखळलो. जा ना, मी मेलोय." मी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि तिथंच बसून रडले. प्रेक्षकांना ते फार आवडलं.

परत वळले तर सासूबाई दोरी ओलांडून चिखलात उभ्या होत्या. चपला खुर्चीपाशीच राहिल्या होत्या. तो ठीक आहे अशी खूण मी केली तेव्हा त्यांनी मूठ उघडली. मुठीत हृदयाचा झटका आला तर जिभेखाली ठेवायची एक गोळी होती. डाळीच्या डब्यामागून उचललेली ती गोळी आल्यापासून त्या कमरेच्या पिशवीत घेऊन हिंडत होत्या.

"एका घरात ऱ्हाऊन महिनाभर येगळं येगळं भ्यालो आपण," त्या म्हणाल्या. "एकत्र भ्यालो असतो तर काय बिघडलं असतं गं?"