कागदाचा आवाज ऐकणारा भिवाजी

पिरंगुटच्या पंप कारखान्यात भिवाजी ओव्हाळ पंधरा वर्षं एका मजकुराच्या शेकडो प्रती काढणारं सायक्लोस्टाइलचं मशीन फिरवत होता. हुद्दा शिपायाचाच, पण कागदाच्या बाबतीत सगळ्या हापिसात त्याचा शब्द शेवटचा. गठ्ठा फोडला की तो वरचा एक कागद उचलायचा, कानापाशी नेऊन हलवायचा आणि मगच ठरवायचा, आज हा चालेल की नाही. नवे कारकून हसायचे. हसू द्या. वाळलेला कागद कडकड वाजतो आणि दमट कागद नुसता फडफडतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हसणाऱ्यांपैकी एकालाही ते कधी जमलं नाही.

मुळशीच्या पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, मीठ ओघळतं आणि वाळत घातलेला सदरा तिसऱ्या दिवशीही ओलाच लागतो. भिवाजीने आपल्या लोखंडी कपाटाच्या तळाला चाळीस वॅटचा एक बल्ब लावून घेतला होता. जूनपासून दसऱ्यापर्यंत तो बल्ब विझायचा नाही. सायक्लोस्टाइलचा जाड कागद, टायपिंगचा पांढरा कागद, सगळं त्या उबेला. हापिसाचे मुख्य हैबतराव दरवर्षी न चुकता विचारायचे, "काय रं भिवाजी, अंडी उबवतुयास का आत?" भिवाजी "व्हय साहेब" म्हणायचा आणि बल्ब चालूच ठेवायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात कारखान्यात संगणक आला आणि त्याच्याबरोबर लेझर प्रिंटर. डोंगराच्या अंगाला त्याच्यासाठी काचेची खोली बांधली. हैबतरावांनी खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि हुकूम काढला की आत जायचं ते फक्त पुण्याला शिकून आलेल्या अनुसयाने, नाहीतर कंपनीच्या इंजिनिअरने. सायक्लोस्टाइल दिवाळीपर्यंत ठेवायचं, मग गोदामात. आणि त्यानंतर भिवाजीने गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

दुसरा कुणी असता तर त्याने त्या प्रिंटरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. भिवाजी जेवणाच्या सुट्टीत काचेला नाक लावून उभा राहायचा. अनुसयाला त्याची दया यायची. आतली सफाई करायला झाकण उघडलं की ती मुद्दाम बाजूला सरून त्याला सगळं दाखवायची. काय काय ते मशीन! खालच्या खणात कागदांची थप्पी. तिच्यावर एका अंगाने सपाट कापलेला रबरी रूळ. तो एकच फेरी घ्यायचा, वरचा एकच कागद पुढे सरकवायचा आणि सपाट बाजू खाली करून गप्प राहायचा. चुकून दुसरा कागद मागोमाग निघालाच, तर रबराची एक छोटी पट्टी त्याला धरून ठेवायची. पुढे गेलेला कागद क्षणभर थांबून सरळ व्हायचा, काळ्या भुकटीची अक्षरं अंगावर घ्यायचा, तापलेल्या रुळांमधून जाऊन ती पक्की करायचा आणि मागून वर वळून पालथा येऊन पडायचा.

पालथा! भिवाजी यावर बेहद्द खूश झाला. पहिलं पान पालथं, त्याच्यावर दुसरं पालथं. गठ्ठा उलटला की सगळी पानं क्रमाने हजर. त्याची निम्मी हयात टेबलाभोवती गरगर फिरत पानं लावण्यात गेली होती. तो अनुसयाला म्हणाला, "ताई, ज्यानं हे केलं ना, त्यानं कवातरी सोता पानं लावल्याली असणार."

आषाढ लागला आणि मशीनने मान टाकली. दोन-दोन कागद एकदम ओढायचं, मधेच अडकायचं, तापल्या रुळांत चुरगळा करायचं. जे कागद धड बाहेर यायचे ते पापडासारखे वळायचे. पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने मशीन पुसलं, आपल्या बॅगेतले कागद घालून पन्नास पानं काढून दाखवली, चहा प्याला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो पुन्हा आला, पुन्हा पन्नास पानं झकास निघाली. त्याची पाठ फिरली आणि मशीन परत अडकलं.

त्या दिवशी अनुसयाने झाकण उघडलं, तेव्हा भिवाजीला काचेतून दिसलं की अडकलेल्या कागदातून बारीक वाफ निघते आहे. त्याची नजर खोलीच्या कोपऱ्यात गेली. डोंगराकडच्या भिंतीला टेकून, उघड्या फरशीवर, हापिसाच्या कागदाचे गठ्ठे रचलेले होते. त्याला सगळं कळून चुकलं.

आणि तो बोलला नाही. त्याचं कितीही कौतुक असलं तरी हे लपवण्यात अर्थ नाही. प्रिंटर अडकला की कामं सायक्लोस्टाइलकडे यायची. चार दिवस भिवाजीचं मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत होतं, आणि गेट जरा लांब गेल्यासारखं त्याला वाटत होतं.

पाचव्या दिवशी हैबतरावांचा संयम सुटला. सगळं हापिस बसलेलं असताना ते भिवाजीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"इंजिनिअर गेला की मशीन बिगडतंय. म्हंजी मागनं कुणाचा तरी हात फिरतोय. आन मशीन बंद पडलं तर फायदा कुणाचा, हे काय मला कळत न्हाई?"

"साहेब, मी त्या खोलीत पाऊलसुदिक टाकलं न्हाई."

"मग काय आपोआप बिगडतंय? उद्या इंजिनिअर येतोय. त्यानं नुसतं म्हणू दे, कुणी हात लावलाय म्हून. त्याच दिवशी घरी बसवीन तुला."

खोलीची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. सगळ्यांनी माना खाली घालून कागद चाळले. भिवाजी संध्याकाळी लवळ्याला घरी गेला तो न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. या खेपेला तो आपले कागद आणायला विसरला होता, म्हणून त्याने हापिसाचेच घातले, आणि बिघाड पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांदेखत झाला. दोन तास त्याने आतला स्क्रू न् स्क्रू तपासला. शेवटी हात टेकले आणि हैबतरावांना म्हणाला, "याला कुणीही हात लावलेला नाही. मशीनच सदोष आहे. परत पाठवायचं म्हणून शेरा लिहितो."

भिवाजी त्या वेळी चहाचे कप घेऊन दारात उभा होता. एका वाक्यात त्याच्यावरचा आळ गेला होता. प्रिंटर परत जाणार, सायक्लोस्टाइल राहणार, गेटही टळणार. त्याने फक्त कप ठेवायचे आणि निघायचं.

त्याने कप ठेवले आणि म्हणाला, "साहेब, तसं लिवू नका. मशीन चांगलं हाय. कागद वला हाय."

"ओला?" इंजिनिअर हसला. "हात लावून बघा. कोरडा ठणठणीत आहे."

"हाताला न्हाई कळायचं." भिवाजीने एक कागद उचलला आणि थेट इंजिनिअरच्या कानाशी हलवला. मग धावत जाऊन आपल्या कपाटातला टायपिंगचा गठ्ठा आणला आणि त्यातला एक हलवला. इंजिनिअरचं हसू मावळलं.

पुढचं सगळं भिवाजीने केलं. उबदार गठ्ठा चारी बाजूंनी पिंजून मोकळा केला. एक कागद तळहातावर आडवा धरून तो कोणत्या अंगाला वळतो ते पाहिलं, त्याप्रमाणे थप्पी फिरवली आणि खणात ठेवली. अनुसयाने बटण दाबलं. पंपाच्या माहितीपुस्तकाची ऐंशी पानं एका दमात बाहेर आली, पालथी, क्रमाने, एकही सुरकुती नाही. इंजिनिअरने शेऱ्याचा कागद फाडला आणि भिवाजीला नमस्कार केला. शिपायाला पुण्याच्या साहेबाने केलेला नमस्कार त्या हापिसाने पहिल्यांदाच पाहिला.

काचेची खोली पुढे भिवाजीनेच सांभाळली, निवृत्त होईपर्यंत. पुण्याहून नवीन पोरं त्याच्याकडे कागद शिकायला यायची. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, ऐंशी पानं हातात घेऊन हैबतराव भिवाजीकडे बघत राहिले होते. भिवाजीने आपल्या हाताने आपलं सायक्लोस्टाइल गोदामात घातल्यासारखं होतं, हे त्यांच्यासारख्या माणसाच्याही ध्यानात आलं.

"तुझ्यावरचा आळ तर गेला हुता," ते म्हणाले. "गप बसला असतास तर तुझंच भलं हुतं. मग बोललास कशापायी?"

"चार दिस गप बसलोच हुतो साहेब. आज न्हाई जमलं." भिवाजी रिकामे कप गोळा करत होता. "मशीनची कायबी चूक न्हवती. चूक नसताना बोल लागला की कसं वाटतं, ते मला काल कळलं."

हैबतरावांनी पानं टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भिवाजी, माझं चुकलं."