मानाची कवळी

मी रामकुंडावर यजमानांना पूजा सांगतो. माझ्या तोंडात वर-खाली दोन्ही कवळ्या आहेत. रात्री पाण्यात औषधी गोळी विरघळवून त्यात त्या बुडवून ठेवा, असं दातांच्या डॉक्टरबाईंनी बजावलं आणि माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी बायकोवर ओरडलो, "अगं, जिथे माणसांची पापं धुतली जातात, तिथे दोन कवळ्या धुतल्या जाणार नाहीत?"

ती शांतपणे म्हणाली, "एक तुमच्या तीर्थात, एक गोळीच्या पाण्यात ठेवून बघा की."

वरची कवळी मानाची, म्हणून ती गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, तीर्थात ठेवली. खालची गेली गोळीच्या पाण्यात.

पंधरा दिवसांत टाळू लालबुंद झाली, नुसती आग आग. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वर बुरशी झालीय. खाली मात्र छान आहे. वरची कशात ठेवता?"

बायको तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "साध्या पाण्यात!"

आता दोन्ही कवळ्या गोळीच्याच पाण्यात असतात. परवा घाटावर एका यजमानांनी विचारलं, "गुरुजी, या वयात दात इतके स्वच्छ कसे हो?"

मी डोळे मिटून नदीकडे हात जोडले. "सगळी गंगामाईची कृपा."