तीन दिवे लागले होते आणि सिम डबीत होतं

आधीच सांगते, मी बीएस्सी आहे. देवाला हात जोडते, पण भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाते. या सदरातले अनुभवही मी आजवर "हो, असेल बाई" म्हणूनच वाचत आले... आणि आज स्वतःच लिहायला बसले आहे.

आमचं घर हातखंब्यापासून आत, उतारावरच्या वाडीत. घर खोलगट जागी असल्यामुळे मोबाईलला जेमतेम एक काडी. केबलवाले म्हणतात, पाच घरांसाठी वायर ओढणं परवडत नाही. मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात मी आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले.

मागच्या वर्षी मला एका कंपनीत दुभाष्याचं काम मिळायची संधी आली. परदेशातले डॉक्टर आणि आपले मराठी पेशंट यांच्यामध्ये व्हिडिओ कॉलवर बसून बोलायचं. काम घरून. अट एकच — चाचणीचे तीन तास नेट एकदाही तुटता कामा नये. तुटलं तर मुंबईच्या ऑफिसात रुजू व्हायचं, नाहीतर नोकरी विसरायची. आईंना एकटं ठेवून मी मुंबईला जाणार कशी?

माझा धाकटा भाऊ नीलेश लोट्याला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तो म्हणाला, "ताई, सिम घालायचा एलटीई राउटर घे. पण कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा घे, एकाच कंपनीला बांधलेला नको. आणि बाहेरचा अँटेना जोडायला मागे जागा आहे का ते आधी बघ. तुमच्या खड्ड्यात त्याशिवाय काही होणार नाही." मी दोन आठवडे मॉडेलं तपासत बसले. शेवटी राउटर घेतला, अँटेना घेतला आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम.

चाचणी सोमवारी. रविवारी सकाळी मी शिडी लावून अँटेना पडवीच्या वाशाला बांधला. वर मी अँटेना फिरवतेय आणि खाली आई खुर्ची टाकून राउटरवरचे सिग्नलचे दिवे मोजतायत.

"किती, आई?"

"एकच गो! लुकलुकतोय नुसता."

"आता?"

"होता तो पण गेला!"

पहिल्या सिमवर एकाच्या पुढे गाडी गेली नाही. ते काढून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. दुसरं घातलं, अँटेना हातखंब्याच्या बाजूला वळवला, तेव्हा आई ओरडल्या, "दोन लागले गो, दोन!" मी शिडीवरच हसायला लागले. पण नेट दर दहा मिनिटांनी तुटत होतं. नीलेशला विचारलं तर म्हणाला, बंद कर, सिम काढून पुसून परत घाल. मी बंद केला, सिम काढलं... आणि तेवढ्यात परसात शेजाऱ्यांची म्हैस शिरली. अळूची पानं वाचवायला मी धावले. परत आल्यावर सिम घातलं, अशी माझी पक्की समजूत होती.

सोमवारी सकाळी नऊला राउटर चालू केला. एक दिवा, दोन... आणि तिसरा! तिन्ही दिवे हिरवे, स्थिर. आई म्हणाल्या, "आज काय झाला याला?" मी मनातल्या मनात नीलेशला शाबासकी दिली.

दहा ते एक, तीन कॉल. पेशंट खरेच होते, फक्त एक परीक्षक ऐकत होता. दुसऱ्या कॉलवर लेकीकडे परदेशी गेलेल्या एक आजी होत्या. हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर सगळं समजावत होते, मी मराठीत सांगत होते. मध्येच आजींनी मला विचारलं, "बाळा, भूल देणार म्हणतात, मग मी उठेन ना परत?" "हो आजी" अगदी ओठांवर आलं होतं. पण दुभाष्याने स्वतःचं उत्तर द्यायचं नसतं. मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे बघून सावकाश उत्तर दिलं. ते मी एकेक शब्द आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग करा." संपूर्ण वेळ चित्र काचेसारखं स्वच्छ. एकदाही अडकलं नाही.

एक वाजता परीक्षक बाई म्हणाल्या, "कनेक्शन उत्तम आहे. आणि तुम्हीही." मी लॅपटॉप मिटला, आईंच्या गळ्यात पडले. दोघींनी गोडाचा शिरा केला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पहिली पाळी संपवून नीलेश अँटेनाला नीट पट्टी मारायला आला. त्याने सहज राउटरचा सिमचा कप्पा ओढला.

"ताई, सिम कुठाय?"

"आत आहे की."

"आत काही नाही."

मी कुंकवाची डबी उघडली. दोन्ही सिम आत. शेजारी शेजारी.

आणि राउटरचे तिन्ही दिवे चालूच होते! नीलेशच्या हातात रिकामा कप्पा. त्याने दुसऱ्या हाताने मोबाईल काढला, आमच्या वायफायला जोडून बायकोला व्हिडिओ कॉल लावला. लागला. ती विचारतेय, "अहो, असे पांढरे का पडलात?" आई भिंतीला धरून उभ्या. दोनेक मिनिटांनी कॉल तुटला. दिवे एकामागोमाग विझले आणि नेटचा दिवा लाल झाला.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या दिवसाचा वापर दिसत होता, जवळजवळ तीन जीबी. दोन्ही सिमच्या ॲपमध्ये त्याच दिवसाचा वापर शून्य. वाडीत दुसरं वायफाय नाही. या मॉडेलमध्ये आतलं छुपं सिमही नसतं, तेही नीलेशने शोधून काढलं. हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिमशिवाय नेट लागणंच शक्य नाही." मी म्हटलं, "मलाही तेच वाटत होतं."

मग दुसरं सिम घातलं, पट्टी घट्ट केली, अँटेना बोटभर वर घेतला. दोन दिवे. तेव्हापासून दोनच आहेत, पण नेट तुटत नाही. तिसरा दिवा पुन्हा कधी लागला नाही.

चार दिवसांनी निवड झाल्याची मेल आली. सात महिने झाले, मी पडवीशेजारच्या खोलीत बसून काम करते. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाराशीच थांबवतात — "हळू बोला, सून डॉक्टरांशी बोलतेय."

कुणाला यातलं तंत्र कळत असेल तर जरूर कळवा. फक्त "सिम आतच असणार" असं लिहू नका... कप्पा रिकामा होता, आम्ही तिघांनी पाहिलाय. त्या दिवशी नेट कुठून आलं, मला अजून माहीत नाही. पण त्या तीन तासांत जे बोलले, ते मीच बोलले.