राणी बाहेर राहू दे

लिहिण्याची सवय नसलेल्या बाईने, तेही उतारवयात, दुसऱ्या कुणाविषयी लिहावे हे धाडसच आहे. त्यातून अक्कांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे वाचक आपल्या या अंकाला पुष्कळ असतील. त्यांनी क्षमा करावी. चारचौघांत उभे राहून जे मला विचारता येत नाही, ते विचारण्यासाठीच हा खटाटोप.

अक्कांना एक शब्द सहन होत नसे: ‘नंतर’. राजाजीनगरातल्या आपल्या मराठी समाजाच्या सभागृहामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांनी मुलांचे संग्रहालय थाटले होते. एखादी आई मुलाला म्हणाली, “नंतर बघू हं, आता चल,” की अक्का दारात उभ्या राहत. “नंतर म्हणजे केव्हा, ते त्याला सांग. मग जा.” आई बहुधा पायांत घातलेल्या चपला पुन्हा काढी.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने दिलेल्या कप्प्या आणि दातेरी चाके, जाते, तराजू, चिखलाची परात असा तो संग्रह होता. काही मोडले तर अक्का रागावत नसत, मुलाशेजारी बसून विचारत, “आत काय दिसलं?” मी मुलाच्या संगणक कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याहून इथे कानडी मुलखात आलेली निवृत्त शिक्षिका. मदतीला जाऊ लागले तेव्हा ‘सांभाळून हाताळा’ अशी पाटी रंगवून नेली. अक्कांनी ती कौतुकाने पाहिली आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, “अक्षर सुरेख आहे हो, पुणेकर बाई. स्वल्प ते ‘सांभाळून’ तेवढं पुसा.”

इथल्या घरांतून दसऱ्याला पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. मुलीला लग्नात माहेरून मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी सर्वांत वर. मुलांनी दुरून नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. विजयादशमीच्या रात्री जोडीला आडवे निजवायचे, की मग वर्षभर ट्रंक. अक्कांनी आपली लग्नातली जोडी मुलांच्या हाती देऊन टाकली, तेव्हा बायका हळहळल्या. हळूहळू राणीचे नाक झिजले, साडीचा रंग उडाला.

संध्याकाळी आवराआवर झाली की राजा कपाटात जाई. राणी मात्र दाराजवळच्या बुटक्या चौरंगावर उभी असे. पहिल्या दिवशी मी तिला उचलायला गेले, तर अक्का म्हणाल्या, “राहू दे बाहेर. कुणी यायचं राहिलं असेल.” सकाळी कुलूप काढताच त्या आधी चौरंगाकडे बघत. पुढे मीही बघू लागले. राणी हललेली नसे. तरीही दार उघडताना माझे पाऊल अडखळे.

एकदा राणीला तेलाचे बोट लावता लावता त्या सहज बोलल्यासारख्या बोलल्या. “माझी शांता हिला मागत होती. मी म्हटलं, दसरा होऊ दे, नंतर देते. दशमीला राणीला निजवलं, तेव्हा पोर तापात होती. पुढच्या वर्षी उठली ती राणीच तेवढी.” मग तेलाची वाटी माझ्याकडे सरकवून त्या कप्पीची दोर तपासायला गेल्या.

समाजाचे चिटणीस म्हणजे कापडदुकानवाले अण्णा. सभागृहातली हवेशीर खोली संग्रहालयाला द्यायला ते तयार होते; अट एकच, वस्तू काचेआड हव्यात.

“पत्र्याखाली मुलं भाजून निघतात, अक्का. काच लावली तर काय बिघडतं?”

“तुझ्या चष्म्याला आहे तेवढी पुरे.” अक्कांनी राणी त्यांच्या हातात दिली. “लहानपणी तुमच्या घरची घेतली होतीस कधी?”

“आईनं हात तोडला असता!”

अण्णा हसले, पण राणी परत देईनात. तिच्या झिजलेल्या नाकावरून अंगठा फिरवत कितीतरी वेळ बसून राहिले. शेवटी म्हणाले, “सरी, अक्का, ठीक आहे. खोली घ्या. काच नको.”

त्या खोलीत अक्कांना एकच उन्हाळा मिळाला. त्या गेल्या तेव्हा अण्णा लहान मुलासारखे रडले, आणि त्या मायेपोटीच त्यांनी काचेचे कपाट करवले. “त्यांच्या हातची वस्तू. मोडली तर दुसरी कुठून आणायची?” आता राणी आत आहे, हार घातलेल्या फोटोशेजारी, कुलपात. चौरंग तेवढा बाहेर, रिकामा.

मी संध्याकाळी खोली झाडायला जाते. काचेवर अगदी खाली लहान तळव्यांचे ठसे असतात. मी ते पुसते. मुलांचेच ते, दुसऱ्या कुणाचे असणार? पण सुट्टीत खोली बंद होती, त्यानंतर उघडली तेव्हाही एक ठसा होता. माझ्याकडून पुसायचा राहिला असेल.

कपाटाची किल्ली अण्णांच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर असते. ती मागायला म्हणून मी जाते, आणि ब्लाउजपीस घेऊन परत येते. घरी आता नको तितके ब्लाउजपीस झाले आहेत. दसरा जवळ आला आहे.

किल्ली मागायला माझ्याबरोबर कुणी याल का?